"चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?": संस्थाप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
संस्थाप्रमुख, वित्त अधिकारी आणि संगणक व नेटवर्कवरील खर्चाला मंजुरी देणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या वर्षांत जुनी यंत्रे बदलण्याचा किंवा किमान त्यांची डागडुजी करण्याचा प्रस्ताव घेऊन मी जेव्हा जेव्हा वरिष्ठांकडे गेलो, तेव्हा बहुतेक वेळा एकच प्रश्न समोर आला: "चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खर्च दिसत होता आणि धोका दिसत नव्हता. तो दिसेल अशा शब्दांत मांडण्यात मी आणि माझ्यासारखे अनेक जण कमी पडलो, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. हे पत्र तंत्रज्ञांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे, की सपोर्ट संपलेली, म्हणजे कंपनीने जिच्या सुरक्षा दुरुस्त्या देणे थांबवले आहे अशी ऑपरेटिंग सिस्टिम वापरात ठेवायची की काढायची, हा निर्णय तंत्रज्ञ घेत नाही. तो आपल्या टेबलावर होतो, आणि बहुतेकदा न बोलता होतो. प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो, पुढच्या वर्षी त्याच्याही पुढच्या, आणि दुखणे अंगावर काढावे तसे ते यंत्र चालवले जाते.

संगणकाची सुरक्षा म्हटली की अनोळखी ई-मेलमधील फाइल उघडू नका, संशयास्पद लिंकवर क्लिक करू नका, अशा सूचना आपल्याला आठवतात. त्या योग्यच आहेत. पण नेटवर्क सेवांमधील त्रुटींना कोणाच्या क्लिकची वाट पाहावी लागत नाही. फाइल शेअर करणारी, दुरून लॉगिन करू देणारी, प्रिंटची कामे घेणारी, डेटाबेस चालवणारी अशी प्रत्येक सेवा आपापल्या ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याच्या क्रमांकित दारावर, दिवसरात्र कान देऊन बसलेली असते. जो कोणी त्या पोर्टपर्यंत पोहोचेल त्याचा संदेश ती वाचायला घेते, आणि पासवर्ड विचारण्याची वेळ येण्याआधीच त्यातला काही भाग वाचून झालेला असतो. वाचणाऱ्या त्या कोडमध्येच चूक असेल, तर पासवर्ड कितीही अवघड ठेवलेला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. त्यातून अशा बऱ्याच सेवा सर्वाधिकार असलेल्या खात्याखाली चालतात, त्यामुळे सेवा हाती लागली की अख्खे यंत्र हाती लागते.

ही गोष्ट नवीन नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर काही तासांत पसरला. त्याची एक वाट 'फिंगर' या साध्या सेवेतून जात होती. कोणता वापरकर्ता लॉगिन आहे एवढे सांगणाऱ्या या सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइट्सची जागा राखून ठेवली होती, पण मजकूर किती लांब आहे हे ती तपासतच नव्हती; वर्मने ५३६ बाइट्स पाठवले आणि जास्तीच्या बाइट्समधून यंत्राचा ताबा घेतला. दुसरी वाट सेंडमेल या मेल सेवेत चाचणीसाठी ठेवलेल्या आणि नंतर बंद करायच्या राहून गेलेल्या सुविधेतून होती. तिसरी वाट सोप्या पासवर्डांची होती. न तपासलेली लांबी, बंद करायची राहिलेली सुविधा आणि सोपा पासवर्ड ही तीन कारणे मी आजही सुरक्षा तपासणीच्या अहवालांत वाचतो. त्या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे संगणक सुरक्षेच्या घटनांसाठीचे समन्वय केंद्र उभे राहिले. म्हणजे धोका ओळखून त्यासाठी संस्था उभारल्यालाही आता साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी घटना २५ जानेवारी २००३ ची आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधून पसरलेला एसक्यूएल स्लॅमर हा वर्म अवघा ३७६ बाइट्सचा होता आणि नेटवर्कवरून जाणाऱ्या एकाच छोट्या संदेशात (यूडीपी पॅकेटमध्ये) मावत होता. त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या मते जगातील असुरक्षित यंत्रांपैकी सुमारे ९० टक्के यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी दिला होता. मग इतकी यंत्रे उघडी का राहिली? काहींनी टाळाटाळ केली हे खरेच आहे, पण अनेकांना आपल्या यंत्रावर हा डेटाबेस आहे याचीच कल्पना नव्हती. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर त्याची छोटी आवृत्ती आपोआप बसवली गेली होती आणि ती गुपचूप पोर्ट १४३४ वर कान देऊन बसली होती. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, त्याचा पॅच कोण बसवणार?

आता सपोर्ट संपतो म्हणजे नेमके काय होते, हे सांगतो, कारण इथे मोठा गैरसमज आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. त्याआधी १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा, १० ऑक्टोबर २०२३ रोजी विंडोज सर्व्हर २०१२ चा आणि ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा संपला होता. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडत नाही, मंदावतही नाही, आणि म्हणूनच तारखेला काही अर्थ नव्हता असे वाटू लागते. पण नव्या आणि जुन्या आवृत्तीत कोडचा मोठा भाग सामाईक असतो. नव्या आवृत्तीसाठी पॅच निघाला, की जाणकार माणूस पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते पाहतो, आणि चूक कुठे होती हे त्याला कळते. हे काम संशोधक करतात तसे हल्लेखोरही करतात. याचा परिणाम असा, की नव्या आवृत्तीचा प्रत्येक पॅच हा जुन्या आवृत्तीत शिरण्याचा नकाशा ठरू शकतो. सपोर्ट चालू असताना नकाशा आणि उपाय एकाच दिवशी येतात. सपोर्ट संपल्यावर नकाशा तेवढा येत राहतो.

शिवाय हल्ला अवघड करणारी अंगभूत संरक्षणेही जुन्या प्रणालींमध्ये नसतात किंवा अर्धवट असतात. डेटासाठीच्या मेमरीतून कोड चालू न देण्याची सोय आणि मुळातच चालू असलेली फायरवॉल (नेटवर्कवरची नको ती जोडणी अडवणारी भिंत) विंडोज एक्सपीला २००४ मध्ये दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर मिळाली. मेमरीतील पत्ते प्रत्येक वेळी बदलत ठेवण्याची युक्ती विंडोजमध्ये व्हिस्तापासून आली. त्यामुळे तीच चूक नव्या यंत्रावर हल्लेखोराला कित्येक दिवस झुंजवते आणि जुन्यावर एका दुपारी काम भागते.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही काही ऐकवले पाहिजे. आवृत्तीचा क्रमांक जुना म्हणजे यंत्र असुरक्षित, असे सरसकट म्हणणे चूक आहे. डेबियन किंवा रेड हॅटसारखी लिनक्स वितरणे जुन्या क्रमांकाच्या सॉफ्टवेअरमध्येच सुरक्षा दुरुस्त्या मागे नेऊन बसवतात; केवळ क्रमांक वाचणारे सुरक्षा स्कॅनर तेथे नसलेल्या त्रुटी दाखवतात, आणि अशा अहवालांची चळत आपल्यासमोर ठेवून आम्ही आमचीच विश्वासार्हता घालवतो. पैसे भरून किंवा काही अटींवर वाढीव मुदतीचे पॅच मिळतात, तोही खरा मार्ग आहे. इतकेच काय, जुने असण्याचा कधी फायदाही झाला आहे: एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या १.०.१ या तेव्हाच्या नव्या मालिकेत होती आणि ०.९.८ वर थांबलेले सर्व्हर तिच्यातून वाचले. हे उदाहरण मला वरिष्ठांनी एकदा ऐकवलेही आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की त्या वेळी वाचलेल्या सर्व्हरांना त्यानंतरच्या त्रुटींपासून वाचण्यासाठी पॅच लागलेच, आणि ते देणारे कोणी असेल तरच मिळाले.

वानाक्रायचे उदाहरण आपण ऐकले असेल, पण बहुधा अर्धे ऐकले असेल. १२ मे २०१७ रोजी हा खंडणीखोर वर्म विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीवर स्वार होऊन १५० हून अधिक देशांत पसरला. त्याचे खापर विंडोज एक्सपीवर फोडले गेले, पण बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता. पॅच १४ मार्चला निघालेला होता. मधले ५९ दिवस तो बसवला गेला नाही. पॅच उपलब्ध असून न बसवलेले नवे यंत्र आणि पॅचच न मिळणारे जुने यंत्र यांत हल्लेखोर फरक करत नाही.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला अहवाल मी आपल्यासारख्या पदावरील प्रत्येकाने वाचावा असे म्हणेन. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) चालवणाऱ्या २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना या हल्ल्याची झळ बसली आणि अंदाजे १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या. पाच भागांत तातडीच्या उपचारासाठी रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. एक्सपीसारखी जुनी प्रणाली एप्रिल २०१५ पर्यंत सोडण्याची ठोस योजना असावी, असे ट्रस्टांना २०१४ मध्येच लेखी कळवले गेले होते. मार्च आणि एप्रिल २०१७ मध्ये पॅच बसवण्याचे गंभीर इशारेही पाठवले गेले होते. पत्रे गेली होती, इशारे गेले होते. पण त्यांचे पालन झाले की नाही हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था हल्ल्यापूर्वी आरोग्य विभागाकडे नव्हती. इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉल नीट सांभाळल्या असत्या, तर पॅच नसतानाही बचाव झाला असता, असेही त्या अहवालात म्हटले आहे. तेथे ज्ञान कमी पडले नव्हते. या कामाला नाव आणि तारीख असलेला धनी नव्हता.

"गरज पडलीच तर कंपनी जुन्यासाठीही पॅच देते" असा युक्तिवाद मी ऐकला आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी वानाक्रायच्या वेळी तसा पॅच दिला आणि १४ मे २०१९ रोजी दूरस्थ डेस्कटॉप सेवेतील ब्लूकीप या त्रुटीसाठी पुन्हा दिला, हे खरे आहे. पण पहिला पॅच हल्ला सुरू झाल्यावर आला, आणि दुसरा स्वतः शोधून, उतरवून, हाताने बसवावा लागत होता. ज्या यंत्राकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही, त्यासाठी हे कोणी केले असेल याची खात्री आपण देऊ शकाल का?

काही सेवा अशा आहेत की त्यांचा दोष कोडमध्ये नसून घडणीतच आहे, आणि त्यांना कोणताही पॅच सुधारू शकत नाही. दुरून लॉगिन करू देणारे टेलनेट आणि फाइली पाठवणारे साधे एफटीपी पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवतात. मधल्या मार्गावरचा कोणीही तो वाचू शकतो. आरलॉगिन ही दुरून लॉगिनचीच दुसरी सेवा समोरच्या यंत्राच्या पत्त्यावर विश्वास टाकून पासवर्डाशिवायच आत घेऊ शकते. १९९० च्या दशकात आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीतील आरलॉगिनमध्ये '-एफरूट' एवढे लिहून थेट रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्व अधिकार मिळवता येत होते. २००७ मध्ये सोलारिस १० या प्रणालीच्या टेलनेटमध्ये जवळजवळ तीच चूक पुन्हा सापडली. ज्या सेवेची जागा केव्हाच एसएसएच या सुरक्षित सेवेने घेतली आहे, ती केवळ कोणी बंद केली नाही म्हणून चालू राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी काम केलेल्या एका संस्थेत मुख्य फाइल सर्व्हरवर एसएमबीची पहिली आवृत्ती, म्हणजे वानाक्रायने वापरलेलीच, अनेक वर्षे चालू होती. विंडोजच्या नव्या आवृत्त्या २०१७ पासून ती मुळात बसवणेच थांबवू लागल्या होत्या, पण येथे ती मुद्दाम चालू केलेली होती. कारण शोधले, तर एका कोपऱ्यातले फोटोकॉपी यंत्र स्कॅन केलेली कागदपत्रे सामाईक फोल्डरमध्ये टाकत असे आणि त्याला नवी आवृत्ती कळत नव्हती. एका यंत्रासाठी सगळ्या संस्थेच्या फाइलींचे दार किलकिले ठेवलेले होते. त्या यंत्राला स्कॅन ई-मेलने पाठवण्याची सोय आधीपासून होती. ती बसवून, चाचणी घेऊन, जुनी आवृत्ती बंद करायला एक सकाळ पुरली. इतकी वर्षे ते का झाले नाही, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण तो प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

जुने यंत्र खरोखरच बदलता येत नाही, अशीही परिस्थिती असते, आणि तिथे हट्ट धरणे योग्य नाही. रुग्णालयातील स्कॅनर, कारखान्यातील नियंत्रक, प्रयोगशाळेतील मापनयंत्र ही वीस वर्षे टिकणारी साधने आहेत, आणि त्यांना जोडलेली ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दहा वर्षांत सपोर्टबाहेर जाते; उत्पादकाच्या प्रमाणपत्राशिवाय तिला हात लावताही येत नाही. अशा यंत्राला वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावे, त्याने ज्या एकदोन यंत्रांशी बोलणे आवश्यक आहे त्यांच्याखेरीज सर्व वाटा फायरवॉलवर बंद कराव्यात, त्यावर ई-मेल आणि ब्राउझर चालवू नये, आणि त्याच्या प्रशासक खात्याचा पासवर्ड संस्थेत दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. ही शेवटची अट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. जून २०१७ मधील नॉटपेत्या हा वर्म एका असुरक्षित यंत्रात शिरल्यावर तेथील मेमरीतून पासवर्ड गोळा करत असे आणि मग त्या पासवर्डांनी पूर्ण पॅच बसवलेल्या यंत्रांतही जात असे. मर्स्क या जहाज कंपनीला त्यानंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितले. "एकच तर जुने यंत्र आहे" या वाक्याने माझे समाधान होत नाही, त्याचे कारण हे.

आणखी एक अडचण अशी, की साधनांच्या आत कोणते जुने सॉफ्टवेअर आहे हे अनेकदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्स या छोट्या उपकरणांमधील प्रणालीच्या नेटवर्क भागात ११ त्रुटी आणि २०२० मध्ये ट्रेक या कंपनीच्या नेटवर्क लायब्ररीत १९ त्रुटी उघड झाल्या, तेव्हा आपल्या कोणत्या साधनात हा कोड आहे हे शोधण्यातच पुष्कळ वेळ गेला. म्हणून खरेदीच्या करारातच सुरक्षा पॅच किती तारखेपर्यंत मिळतील आणि आत कोणते घटक आहेत, हे लिहून मागावे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या नेटवर्कशी जोडता येणाऱ्या उपकरणांबाबत सपोर्टची किमान मुदत जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक आहे, आणि युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. आपल्या करारात ही अट घालण्यासाठी मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पॅच बसवल्याने कधी कधी चालू काम बंद पडते, ही आपली भीती निराधार नाही. माझ्या हातूनही असे झाले आहे. त्यावरचा उपाय पॅच टाळण्यात नाही. चाचणीसाठी एक वेगळे यंत्र, काम थांबवण्याची ठरलेली वेळ, आणि परत उभा करून पाहिलेला बॅकअप एवढे मिळाले, तर आम्ही ही जबाबदारी आनंदाने घेऊ. या तिन्ही गोष्टींना पैसा आणि परवानगी लागते, आणि त्या दोन्ही आपल्याच हातात आहेत.

माझी विनंती मर्यादित आहे. आपल्या तंत्रज्ञांना या आठवड्यात एक यादी करायला सांगा: संस्थेतील कोणत्या यंत्रावर कोणती सेवा कोणत्या पोर्टवर चालू आहे, त्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पॅच किती तारखेपर्यंत मिळणार आहेत, आणि ती सेवा कोणासाठी चालू आहे. ही यादी तयार करायची साधने प्रत्येक प्रणालीत आधीपासूनच असतात, वेगळी खरेदी करावी लागत नाही. यादी आली की जिथे तारीख उलटून गेली आहे आणि तरी यंत्र ठेवायचे आहे, तिथे ते का ठेवायचे आणि केव्हापर्यंत, हे लिहून आपण स्वतः सही करावी. ती मुदत संपली की कागद पुन्हा आपल्यासमोर यावा. आणि ज्या सेवेपुढे "ही माझ्यासाठी चालू आहे" असे लिहायला कोणीही पुढे येणार नाही, ती त्याच दिवशी बंद करण्याची लेखी परवानगी आपल्या तंत्रज्ञांना द्यावी.

आपला विश्वासू,
सर्व्हर सांभाळणारा एक तंत्रज्ञ